मल्हारची अपुरी वही

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची लासुर्ण्याला! केळी परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाऊसमध्ये नोकरी, खोली भागूमावशींकडे. साहेबांची एकच अट, स्पेनच्या व्यापाऱ्यांशी बोलायला स्पॅनिश शिकायचं. माझ्याआधी हेच काम मावशींचा मल्हार करायचा. मागच्या पावसाळ्यात कालव्यात बुडून गेला. त्याची स्पॅनिशची वही कोनाड्यात सापडली. ‘सांगणे’ या क्रियापदाची रूपं लिहिता लिहिता पान अर्धंच राहिलंय. ‘दीमे’, मला सांग. ‘दीले’, तिला सांग. मावशी म्हणाल्या, माज्या लेकाची वही हाय, तूच पुरी कर पोरी. मी हौसेनं हो म्हटलं.

७ फेब्रुवारी
कामावरून आले की मोठ्यानं घोकते. मावशी उंबऱ्यात बसून ऐकतात. मल्हारचं ताट अजून वाढतात, फार वाईट वाटतं. मला ‘सांग’ जमतं, पण ‘सांगावं’, ‘द्यावं’ अशी रूपं आली की घोडं पेंड खातं.

१२ फेब्रुवारी
सकाळी माझ्या अभ्यासाखाली एक शब्द होता. ‘दीले.’ अक्षर मल्हारचं. जुनंच असेल म्हणून बोट फिरवलं, तर शाई ओली.

१४ फेब्रुवारी
आज मल्हारचं मासिक श्राद्ध. मावशींनी पत्र्यावर घास ठेवला. कावळा आला, तर गोफणीनं हाकलला! म्हणाल्या, दहाव्यालाबी असाच हाकलला, लोकांनी दर्भाचा कावळा करून शिववला. खरा शिवला की लेकरू जाईल, मग मी कुणाला हाक मारू?


१७ फेब्रुवारी
‘दीले के मे देहे इर.’ तिला सांग, तिनं मला जाऊ द्यावं.
पान भिजलेलं. गाळाचा वास. मावशींनी त्याचं अक्षर ओळखलं, विचारलं, काय म्हनतोय गं? मी खोटं बोलले, जेवलो म्हणतोय. पहिल्यांदाच हसल्या.

१९ फेब्रुवारी
पानभर तीच ओळ. खुर्चीखाली पाणी. घरी जाते म्हटलं, तर मावशींनी फोन काढून घेतला, बाहेरून कडी लावली. म्हणाल्या, तू गेलीस तर त्याचं मला कोन सांगंल?

२० फेब्रुवारी
माझ्या खुर्चीशेजारी कुणीतरी रडतंय, दिसत नाही— आईसाठी रडतात तसं—
नाही राहवलं. बंद दारातून ओरडून खरं ते सांगितलं, जाऊ दे म्हणतोय तो. मग पत्र्यावर ताट वाजलं. कावळा— हाकलला नाही. म्हणाल्या, त्याला म्हनावं, एकटा जाऊ नगंस, आलेच मी—
खिडकीतून दिसतायत. कालव्याकडं—
कडी बाहेरून. हाका मारतेय, मागं बघत नाहीत—
वहीत घाईघाईनं उमटतंय. ‘दीले के नो—’
तिला सांग, तिनं येऊ न—
मावशी, तो नको म्हणतोय— मावशी—