रेडॉन आणि पापडाचा चिमटा

१३ डिसेंबर, शनिवार
शिंगणापूरला जाऊन आलो. बायकोचा, सुचित्राचा खोकला दीड महिना हटत नाही. घरात धूर नको, असं डॉक्टर म्हणाले. शनिदेवासमोर तिच्या देखत शपथ घेतली: सिगरेटला हात लावणार नाही. तीस वर्षांची सवय एका मिनिटात सोडली! याला म्हणतात निश्चय.

१५ डिसेंबर
शपथ 'हात' लावण्याबद्दल होती. तळघरात पापडाच्या चिमट्याने एक ओढली. पाकिटातूनही चिमट्यानेच काढली. नियम म्हणजे नियम.

१९ डिसेंबर
खोकला वाढलाय. मुलाला, अर्णवला कॅनडात फोन केला. तिकडे तळघराच्या फरशीतून रेडॉन नावाचा वायू येतो म्हणाला. रंग नाही, वास नाही, फुप्फुसं खातो. त्याच्याच हट्टाने घेतलेलं आपलं घर गरम करायचं मशीनही तळघरात. खोल्यांतली हवा मशीनकडे परत नेणारा रिटर्न डक्ट गळका असेल, तर तळघरातलं सगळं ओढून घरभर वाटतो. सापडला चोर!

२१ डिसेंबर
फरशीच्या भेगा बुजवल्या. खिडकीही सील केली. चार तास लागले. विचार करायला पाच सिगरेटी. (चिमट्याने.)

२७ डिसेंबर
सुचित्रा चिमटा शोधतेय. कामाच्या ताईंना विचारलं, त्या दुखावल्या. मी पेपर वाचत होतो.

४ जानेवारी
भजनी मंडळात सुचित्रा दुसऱ्याच ओळीला खोकत खाली बसली. बायका पाठ चोळत होत्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. रेडॉनला सोडणार नाही.

९ जानेवारी
अर्णवने पाठवलेलं मीटर आठवडाभर तळघरात ठेवलं होतं. रेडॉन नॉर्मल. मीटर बिघडलंय.

१० जानेवारी, शनिवार
सुप्याहून एसीवाले पुंजाराम डक्ट सील करायला आले. उघडताच सुचित्रासमोरच म्हणाले, सायेब, वायू न्हाई ह्यो, सिगरेटचा वास हाय, लई. फिल्टर पिवळा. मागून थोटकांचा ढीग निघाला आणि चिमटा. हिथं कोण बसतं, असं त्यांनी विचारलं. मी फरशीकडे बघत राहिलो. भेगा बुजवल्या होत्या छान.
सुचित्रा ओरडली नाही. हात नाही ना लावलात, मग झालं, एवढं म्हणाली आणि खोकत वर गेली.
ताईंची माफी मागितली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. चिमटा तीनदा घासून ओट्यावर ठेवला.
जेवताना पापड होते. तिने ते हातानेच भाजले.