उरलेला अर्धा तलाव

१ मार्च, शनिवार. सातारा. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. वही नवी, पेन नवं, बूट नवे.

सेलमचं गलाईचं दुकान पुतण्याच्या हवाली करून कायमचा परत आलो. तेहतीस वर्षं परमुलखात सोनं गाळलं. आता बास. विट्याच्या घराला कुलूप आहे, कारण सौ. मंगल चार वर्षांपासून इथं साताऱ्यात लेकीकडं, राजेश्वरीकडं असते. नातीला सांभाळायला. म्हणून मीही इथंच उतरलो.

संकल्प असा. रोज चालायचं. मग मंगलला कास तलावाची पूर्ण फेरी घडवायची. आणि पाडव्याला तिला घेऊन विट्याला जायचं, गुढी आपल्या दारात, जोडीनं. तिथून पुढं दोघांनी तिथंच राहायचं.

फेरीला कारण आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं कासला गेलो होतो. अर्धा तलाव चाललो, तेवढ्यात मी घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी मिरजेहून माझी गाडी होती. म्हणालो, उरलेला अर्धा पुढच्या सालाला. पुढं साल कसं गेलं, सालं कशी गेली, कळलं नाही. पण मंगल विसरली नसणार.

तिला सगळा बेत सांगितला. बरं, म्हणाली. एवढंच. आनंदानं शब्द फुटेना बिचारीला.

२ मार्च, रविवार

घरात सगळ्यांना चहा स्टीलच्या पेल्यात, मला कपबशीत. निळ्या फुलांची, शोकेसमधली. आंघोळीला घडी न मोडलेला टॉवेल. दिवाणावर नवी चादर. जेवायला मला पहिलं वाढतात, मायलेकी मागाहून स्वयंपाकघरात बसतात. तिथून हसण्याचा आवाज येत होता. पाणी मागायला आत गेलो तर दोघी हसायच्या थांबल्या आणि उठून उभ्या राहिल्या. तेहतीस वर्षांनंतर एवढा मान कुणाच्या नशिबी असतो?

नात संयू पाच वर्षांची. मला ‘सेलमचे आजोबा’ म्हणते. नुसते ‘आजोबा’ म्हणजे जावयाचे वडील, ते मागच्या गल्लीत राहतात. ही सवय सुटेल.

चालणं: हॉलमध्ये. बूट पायाला बसावेत म्हणून. ४१२ पावलं.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६

बामणोलीच्या एसटीनं एकटाच कासला. मंगलचा गुडघा दुखतो म्हणे, म्हणून आज नुसता सर्व्हे.

पठारावर फूल नाही! करपलेलं गवत आणि काळा कातळ. टपरीवाल्याला मोबाईलवरचे फोटो दाखवून विचारलं, ही फुलं कुठं गेली. तो म्हणाला, आवं पाव्हणं, ती गणपतीच्या टायमाला असत्यात, तुमी मार्चात आलाय. त्याला ठणकावून सांगितलं, मी इथलाच आहे, पाव्हणा नाही. बरं म्हणाला आणि कपबशीतून चहा दिला.

तलावाकडं उतरलो. पाणी निवळ. जांभळींना मोहर, पांगारा लालभडक. एका बुटक्या झाडाच्या फांद्यांनाच निळी-जांभळी फुलं चिकटलेली, जणू कुणी खोडाला लावून ठेवलीत. हे मंगलला दाखवायचंच.

फेरी झाली नाही. बुटानं टाच सोलली. एकूण दीडशे मीटर, तेही उतार धरून.

घरी आल्यावर निळ्या फुलांचं सांगायला लागलो तर मान वर न करता म्हणाली, अंजनी फुलली आसंल. टीव्हीवर बघितलं असणार.

७ मार्च, शुक्रवार

साताऱ्यात दुधाची एवढी टंचाई असेल असं वाटलं नव्हतं. मंगल पहाटे साडेपाचला दूध आणायला जाते ती साडेसातला येते. घामाघूम, चेहरा लाल. गुडघा दुखत असूनसुद्धा घरासाठी मर मर मरते. जावई जयराज यांना चार शब्द सुनावले, दूध घरपोच लावा. ते खाली बघून म्हणाले, सांगतो मामा.

चालणं: टाच. उद्यापासून.

१० मार्च, सोमवार

बेत: यवतेश्वरचा घाट पायी, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. साडेनऊला निघालो. ऊन मी म्हणत होतं. पहिल्या वळणावर बसलो. दमलो म्हणून नव्हे, तिथून सातारा छान दिसतं. मग रिक्षा मिळाली. मिळालेली रिक्षा सोडू नये.

रात्री जेवताना मंगलला म्हणालो, घाट बघून आलो, तुला नाही झेपायचा. ताटात भाजी वाढत म्हणाली, न्हाई जी. राजेश्वरीला ठसका लागला.

१३ मार्च, गुरुवार. होळी

पुरणपोळी, कटाची आमटी. मी दोन म्हणालो, तिनं चार वाढल्या. समोर बसून वाढत होती. म्हणालो, मंगल, आता मी बारा महिने इथंच. हातातली पळी थांबली. दुकानात काय झालं का, म्हणाली. म्हटलं काही नाही, तुझ्यासाठी आलो. तिनं पदरानं डोळे टिपले. मग म्हणाली, आनी तूप घ्या.

सोनं बघितल्याबरोबर कॅरट सांगणारा माणूस मी. बायकोच्या डोळ्यातलं पाणी मला कळणार नाही? आनंदाचंच होतं.

१६ मार्च, रविवार

येत्या रविवारी कासला येतेस का, असं सरळ विचारलं. म्हणाली, चला की. गुडघा बरा झालेला दिसतो. माझ्या येण्याचा गुण.

अभ्यास: झाडांची नावं मोबाईलवरून वहीत उतरवली. तलावाकाठी एकेक सांगायची. तिला या गोष्टी कोण सांगणार होतं इतकी वर्षं?

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी. सकाळी ८

टाच बरी. म्हणून पहिल्यांदाच सहाला घाटाकडं निघालो. पहिलं वळण न बसता पार केलं. दुसऱ्या वळणावर वरून आठ-नऊ बायका येताना दिसल्या. नऊवारी, पाचवारी, पायात स्पोर्ट शूज. मोठमोठ्यानं हसत होत्या. सगळ्यात पुढं जी होती, पदर कमरेला खोचून, हात झाडत, ताडताड, ती मंगल.

मी असं चालताना तिला कधी बघितलंच नव्हतं. असं हसतानाही.

तिनं मला बघितलं. हसू एकदम थांबलं नाही, हळूहळू कमी होत गेलं. पदर सोडून डोक्यावर घेतला. एक पोक्त बाई होती, रंगूबाई नावाची. ती म्हणाली, ह्ये कोन गं? मंगल म्हणाली, आमचं मालक. त्यावर रंगूबाई म्हणाली, व्हय? आमास्नी वाटलं ते तिकडंच असत्यात. काही चुकीचं बोलली नाही. मी नमस्कार केला. बायका बाजूनं पुढं गेल्या. वळणापलीकडून परत हसण्याचा आवाज आला.

घरी विचारलं, दूध? म्हणाली, दूध जयराज आनत्यात. चार वर्सं झाली, रोज जातो आमी. तुमी इचारलं न्हाई.

खरं आहे, विचारलं नव्हतं. एका अर्थी चांगलंच झालं. तिचा दम पक्का आहे, म्हणजे रविवारी फेरी पूर्ण होणार.

२३ मार्च, रविवार. कासहून आल्यावर

लिहावं की नको असं झालंय. पण वही नियमानं लिहायची ठरलीय.

सकाळी पोचलो. दोघंच. धुकं पाण्यावरून उठत होतं. वही काढून म्हणालो, मंगल, ही बघ अंजनी. म्हणाली, व्हय. मी म्हणालो, हा पांगारा. म्हणाली, व्हय, आनी त्यो तिकडं काटेसावरीचा कापूस फुटलाय बघा, आनी ह्यी करवंदीची फुलं, वास घ्या. तिनं एक फांदी माझ्या नाकाजवळ धरली. वही खिशात घातली.

ती पुढं चालत होती, मी मागं. अधूनमधून थांबायची आणि मी पोचलो की निघायची. तलाव आता वाढवलाय, पाणी आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ वर आलंय. एका जागी थांबून म्हणाली, आपून फिरलो ती जागा आता पान्यात हाय. बोटानं दाखवली. पाणीच होतं नुसतं. म्हणाली, तितं माजं चप्पल तुटलं. तुमी घड्याळ बगत हुता. मी अनवानी आले एसटीपतुर.

मला चप्पल आठवत नव्हतं. गाडीची वेळ आठवत होती.

मी म्हणालो, म्हणून तर आज उरलेला अर्धा. तर म्हणाली, त्यो केला की मी. चार वर्सांमागं. रंगूबाईसंगं. लय वर्सं वाट बघितली, म्हटलं आपून हाय तवर करून टाकावा.

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ऊन वाढलंय, टोपी घाला, अशा आवाजात म्हणाली.

मी म्हणालो, मग आज तुझा डबल होईल. हसली. मला बरं वाटलं. पुढं पाय चालेना. ती म्हणाली, बसा तुमी हितंच, मी पुरी फेरी मारून येते. एका जांभळीखाली बसून राहिलो. पलीकडच्या काठावर तिची हिरवी साडी झाडांमधून दिसायची, जायची, परत दिसायची. चालायला लागली की किती बारीक दिसते लांबून. तिथून तिनं हात केला. मी टोपी हलवली.

चालणं: अर्धा तलाव. म्हणजे माझा तोच अर्धा, दुसऱ्यांदा.

२७ मार्च, गुरुवार

तरी पण. फेरी झाली हे महत्त्वाचं, कुणी किती मारली हा तांत्रिक मुद्दा. मंगलला विचारलं, शनिवारी विट्याला निघू या ना, रविवारी पाडवा. म्हणाली, बगू.

‘बगू’ म्हणजे होकारच. बाईमाणूस पहिल्या दमात हो कसं म्हणेल? शेजारच्याला फोन करून घर झाडून घ्यायला सांगितलं. दोन माणसांची तयारी ठेव म्हटलं.

२९ मार्च, शनिवार. दुपारी

सकाळी उठलो तर दारात बॅग भरलेली. मनात म्हटलं, बघा! वेळेआधी तयार. उघडून बघितली.

माझे कपडे. इस्त्री करून. एका डब्यात बेसनाचे लाडू, एकात चिवडा. लोणच्याची बरणी कापडात गुंडाळून, उभी. तेहतीस वर्षं यात्रेनंतर, दिवाळीनंतर, अशीच बॅग दारात असायची. लोणचं कापडात, उभंच. कधी सांगावं लागलं नाही. मला वाटायचं ही माया.

तुझी बॅग कुठंय, म्हणालो. म्हणाली, मी न्हाई येत. तितं कोन हाय माजं? सासू-सासरे हुते तवर काढलं. भिताडाशी बोलून काढली वर्सं.

म्हटलं, आता मी हाय की तितं. तिच्यासारखंच बोललो, पहिल्यांदा.

ती खाली बसली, माझ्या बुटांच्या नाड्या सैल करत होती, पायात घालायला सोपे जावेत म्हणून. म्हणाली, आवं, तुमी लय चांगलं हाय. दर म्हैन्याला न चुकता पाठवलंसा, लेकीचं चांगलं केलंसा. पर मला तुमची सवय न्हाई. तुमी आलासा की माजं आंग अवघडतं. पाव्हणा आल्यागत. दोन-चार दिस गोडधोड करते, मग म्हनते जातील आता. तुमी जातच न्हाई ह्या खेपेला.

मग तिला रडू आलं. माझ्यासाठीच रडत होती ती, स्वतःसाठी नव्हे. म्हणालो, बॅग चांगली भरलीस.

संयूनं खिडकीतून हात केला. सेलमचे आजोबा, टाटा.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. विटा

घर झाडलेलं आहे. दोन चादरी, दोन उशा.

गुढी उभारायला काठी मिळाली. साडी कशी चुण्या घालून बांधतात ते येईना. पाडव्याला घरी असलो तर ती बांधायची, मी उभी झालेली गुढी बघायचो. शेवटी शेजारच्यांच्या सुनेला बोलावलं. तिनं विचारलं, काकी न्हाई आल्या? म्हणालो, तिचं सकाळचं चालणं असतं, खाडा करून चालत नाही.

अकराच्या सुमारास माळावर जाऊन आलो. पाणी नाही, झाडी नाही, ओसाड माळ आणि एक फुललेला पळस. तीन किलोमीटर, न बसता. ही आजवरची सगळ्यात मोठी चाल. सांगायला फोन काढला, मग ठेवला. आज त्या बायका कासला जाणार, असं राजेश्वरी म्हणाली होती.

दुपारी चहा केला, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं. साखर जास्त पडली. शोकेसमधून कपबशी काढली, इथंही आहे एक, आमच्या लग्नात आलेली. चहा तिच्यात ओतला. मग परत पेल्यात ओतला आणि पेल्यातून प्यालो.

कपबशी धुऊन, पुसून वर ठेवली. मंगल कधी आली, तर तिला लागेल.