घोंगडीखाली कोण?

१८ फेब्रुवारी १९९१, सोमवार

आलं! आलं! जळगावच्या स्टँडवर माझं पुस्तक टांगलंय! दोरीला, चिमट्याने, राशिभविष्य आणि लोणच्यांचं पुस्तक यांच्या मधोमध. ‘घोंगडीवाला, भाग पहिला. चित्रं आणि कथा : वनराज.’ कोथिंबीर आणायला गेले होते, तशीच हात हलवत परत आले. आई म्हणाली, “कोथमीर कोठे शे?” मला हसूच आवरेना. “येडी व्हयनी का?” म्हणून तिने मलाच परत पिटाळलं.

वनराज म्हणजे मी. हे धुळ्याच्या रतिलालशेठना माहीत, कारण छापलं त्यांनी. आणि आता, वही, तुला. बाईच्या नावावर मारामारीचं पुस्तक कोण घेणार, असं शेठ म्हणाले. बरं, वनराज तर वनराज!

२१ फेब्रुवारी

आज आमच्या खानावळीत दुसऱ्या पंगतीला पोरांचा एकच विषय — घोंगडीवाला! मी बट्ट्या वाढत होते. तूप भलत्याच्या ताटात.

चुडामण (शेतकी शाळेचा, खातो दोघांचं) म्हणाला, तो जिनिंगमधला हमाल असणार, एवढ्या कापसाच्या गाठी दुसरा कोण उचलेल? हारुन पॉलिटेक्निकचा. त्याचं ठाम मत — “शर्त लगाओ! पुलिसवाला है. दिन में वर्दी, अंधेरे में घोंगडी.” पुस्तक चौथ्या हातात गेलंय म्हणे. विकत घ्या ना रे, मेल्यांनो!

आणि जीवराम. बँकेतला कारकून, कायम नाकाने बोलणारा. “भर मे महिन्यात जळगावात घोंगडी? हा चोर पकडायच्या आधी उष्माघाताने मरेल. आणि दर मारामारीआधी ती कमरेला खोचत काय बसतो? तेवढ्यात चोर पारोळ्याला पोचतील.”

मग काय लोंबती ठेवून मारायचं? पायात अडकून पडेल ना माणूस! एवढी साधी गोष्ट कळत नाही! त्याला वरण वाढताना वरचंवरचं पाणीच वाढलं. बरं वाटलं.

२२ फेब्रुवारी

जीवरामने पुस्तक पुन्हा मागून नेलं. हं!

२५ फेब्रुवारी

मावशीकडे जाते सांगून धुळ्याला. एरंडोलपर्यंत उभी, पुढे खिडकी मिळाली. शेजारचा म्हातारा घोंगडीवालाच वाचत होता! ओठ हलवत, बोट फिरवत. एकदा चक्क “हाण!” म्हणाला. मी खिडकीकडे तोंड करून हसत राहिले. तिकीट कुठे पडलं कळलंच नाही. कंडक्टर ओळखीचा निघाला म्हणून वाचले.

शेठ खूश. वनराज कुणी रिटायर फौजदार आहे का, असं चोपड्याच्या दुकानदाराने विचारलं म्हणे! पण मग चष्मा काढून म्हणाले, “कुंदाबाई, दुसऱ्या भागात घोंगडी उतरलीच पाहिजे. आत कोण ते लोकांना हवंय. पाडव्याच्या आत पानं द्या. नाहीतर माझ्याकडे नंदुरबारचा एक पेंटर तयार बसलाय, तो पुरं करेल.”

माझा घोंगडीवाला — पेंटरला! मी ताडकन म्हटलं, “आत कोण ते मला पहिल्यापासून माहीत आहे.”

साफ खोटं. मलाच माहीत नाही गं बाई! पहिल्या पानापासून मी फक्त घोंगडी काढली. चेहऱ्याच्या जागी शाई ओतली. हात-पाय आपोआप आले, चेहरा कधी आलाच नाही.

२ मार्च

आई दुपारी पडली की गव्हाच्या कोठीमागे बसते. आज सात चेहरे काढले. फौजदार काढला तर शेठसारखा दिसतो. हमाल काढला तर चुडामण. मास्तर काढला तर तोही चुडामण, चष्मा लावलेला! सगळे चुलीत घातले. बट्ट्या खरपूस झाल्या.

५ मार्च

नाहीच सुचत. पेंटर स्वप्नात आला. त्याच्या घोंगडीवाल्याला मिशा होत्या. रडू आलं.

८ मार्च

काय दिवस! लिहू कुठून!

सकाळी एक नवीन गिऱ्हाईक आलं. पांढरे बूट, मोठ्या कंत्राटदाराचा माणूस. ताट मांडलं, तर हारुनकडे बघून म्हणतो, “याच्या शेजारी मी बसणार नाही. याला उठवा.” हारुन बिचारा उठायलाच लागला. हातातला घास हातात. पोरं सगळी खाली मान घालून. मीसुद्धा! पळी घेऊन नुसती उभी.

तेवढ्यात आई आतून आली. पदर कमरेला खोचला, डावा पाय पुढे टाकला, मान जराशी तिरकी. बुटवाल्याचं ताट उचललं. “आठे पंगत मनी शे. कोन कोठे बसी ते मी सांगसू. नही पटस तं ऊठ.”

तो उठला! एक बूट घाईत उलट्या पायात! तो गेल्यावर आईने त्याचंच ताट हारुनपुढे ठेवलं, वर भरीत वाढलं. हारुनचे डोळे भरले होते, तरी म्हणाला, “अक्का, घोंगडीवाला भी आपके आगे पानी भरेगा!” सगळी पंगत हसली. जीवरामला ठसका लागला. मला आईचा इतका अभिमान वाटला की तिला मिठीच मारली. “सरक, दूध उतू जाई,” म्हणाली.

त्या नादात आज एकही पान काढलं नाही. पाडवा पुढच्या रविवारी आहे.

१२ मार्च

जीवराम पुस्तक पाटाखाली विसरून गेला. आईने भांडी आवरताना उचललं. वाचायची तिला हौस नाही, नुसती चित्रं बघत पानं उलटली. मी लसूण सोलत होते.

“हाऊ बाप्या नही,” आई म्हणाली. “बाई शे.”

“क्-काय? कशावरून?”

“मारापयले कमरले कोन खोचस? बाप्या खोचस का?” पुस्तक ठेवलं आणि राखेचा डबा शोधायला गेली.

मी पुस्तक उघडलं. पान नऊ. पान चौदा. शेवटचं. कमरेला खोचलेली घोंगडी. डावा पाय पुढे. मान जराशी तिरकी... अगं आई गं! जन्मभर समोर बघतेय, आणि सात पुरुष काढून जाळले!

लसूण तसाच टाकून कोठीमागे पळाले. चेहरा एका दमात आला.

१४ मार्च

पानं पुरी! वाळायला चटईवर पसरली होती. मी शाईचे हात धुऊन आले, तर आई त्यांच्यासमोर उभी, हातात माझ्यासाठी ताक. किती वेळची कोण जाणे. शेवटच्या चित्राकडे बघत होती.

ताक माझ्या हातात दिलं. म्हणाली, “नाक जरासं धाकलं काढजो.”