सुमीचा ताप आणि लोहाचं टॉनिक

मंगळवार, संध्याकाळ. चाकण.

तापात लेकरांना टॉनिक पाजणाऱ्या बापांनो, आपल्याला कुणी काही समजावून सांगत नाही. मला आज आजारी लेकीनंच सांगितलं. सुमी मायक्रोबायोलॉजी शिकते. तीन दिवस ताप. अशक्त दिसली म्हणून मी लोहाचं टॉनिक देत होतो. तिनं मोबाइलवर चित्र दाखवलं: शरीरातलं एक प्रथिन, आकार पेल्यासारखा. जंतू वाढीसाठी लागणारं लोह आणायला छोटे वाहक रेणू सोडतात, हा पेला त्यांना लोहासकट अडकवतो. जंतू उपाशी.

"अप्पा, कंपनीच्या गेटवर संप करता आणि मागच्या दारानं माल तुम्हीच पोचवता!"

हसलो. युनियनच्या सभांत इतकी भाषणं केली, डॉक्टरांना मात्र एक प्रश्न विचारला नाही. तिच्या अंगात तो पेला राबतोय, आणि मी? थकलोय. ताप उतरलेला नाही. उद्या सकाळी ती बाटली डॉक्टरांसमोर ठेवायची आणि विचारायचं: तापात हे द्यावं का?