थाळीतली वाटी

३ मार्च १९८६, सोमवार
साकीनाक्याच्या पंपांच्या कारखान्यात सहा महिने भरत आले. ऑफिसात कोण काय काम करतं, ते शनिवारी मालकांना प्रोजेक्टरवर दाखवायचं. नीट झालं तर पर्मनंट, असं कामेरकर साहेब म्हणाले. म्हणताना पेन्सिलीने कान कोरत होते. तीच पेन्सिल मला दिली. शी!

सगळे याद्या देतात. मी एकमेकांत शिरणाऱ्या वर्तुळांचा व्हेन डायग्राम देणार. शाळेत जायच्या आधीच बाबांनी भांडी मांडून शिकवला होता.

५ मार्च
टायपिस्ट क्लॅरिस म्हणाली, "वनमाला, सरळ यादी दे ना गं. गोल कशाला?" जळते. बारा वर्षांत एक वर्तुळ नाही काढलं. वर वडा खाल्लेल्या हाताने प्रोजेक्टरवर ठेवायची माझी पारदर्शक ट्रान्स्परन्सी उचलली. पाच ठसे. स्पिरिटने दोनदा पुसली.

निश्चय: एकही काम चुकीच्या वर्तुळात घालायचं नाही.

६ मार्च, रात्री जेवणाआधी
कंपास पुरत नाही, म्हणून भांडी ठेवून कडेने मार्कर फिरवला. क्लॅरिससाठी एक थाळी, माझ्यासाठी एक, अशी सुरुवात केली. तक्रारवही मी लिहिते, तीही लिहिते. पत्ते, तीही. फोन, तीही. माझं सगळंच मधल्या भागात आलं. मग मला वाटीच बरी. थाळीच्या आत बरोबर बसली. काही बाहेर सांडत नाही. इतकं स्वच्छ चित्र त्या ऑफिसने पाहिलं नसेल.

बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले, "बायो, एक तरी काम भायर ठेव." खोटं काढू? शिकवलं कोणी?

८ मार्च, दुपारी ४
जिंकले! मालक उठून पडद्यापाशी गेले. वाटीवर बोट ठेवून विचारलं, ही कोण? मी, सर. आणि ही एवढी मोठी? क्लॅरिस, सर. "इतकं स्पष्ट मला आजवर कोणी दाखवलं नव्हतं," म्हणाले. बोलताना सुपारीचे कण पडद्यावर उडाले. किळस आली, तरी हसले. क्लॅरिस मान खाली घालून बसली होती. मत्सर, दुसरं काय.

११ मार्च
पत्र मिळालं. माझी सर्व कामं क्लॅरिस पाहतेच, सबब पंधरा तारखेपासून येऊ नये. टायपिंग क्लॅरिसचंच. एकही चूक नाही. सहीच्या खाली एक ओला डाग. पुसून द्यायचं ना.

ट्रान्स्परन्सी मालकांनी ठेवून घेतली.

वाटीच्या कडेला मार्करचा हिरवा रंग बसलाय, घासूनही निघत नाही. बाबांनी आज तीच वाटी मागून घेतली आणि तिच्यातच आमटी ओतून जेवले. मला शी म्हणवलं नाही.