नागनाथापुढच्या दोन चिठ्ठ्या

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

गोरेगाव, ता. सेनगाव
१२ नोव्हेंबर २०२५

चि. राम यास शिवकन्याअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझा फोन तीन दिवसांपासून लागत नाही. लागतो तेव्हा तू मोहनसिंगच्या हॉटेलात उभा असतोस, मागं दहा जण चहा पीत असतात आणि तू नुसता हां हां करतोस. म्हणून हे पत्र जळबाच्या जीपमध्ये देते. तो हॉटेलात ठेवील. उत्तर लिही. शाळेत तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं, आता काय मेंढरं लिहू देत नाहीत?

मायबद्दल लिहायचं आहे. दिवाळी झाली, तू मेंढरं घेऊन रिसोडकडे गेलास आणि माय माझ्याकडे आली, त्याला आता वीस दिवस होतील. हिंगोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. तरी पाय सुजतात. आडवी झाली की दम लागतो, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपते. मी काळजी केली की म्हणते, जन्म मेंढरांमागं गेला, अशीच झोपायची सवय हाये. मला हसवते आणि हसता हसता खोकते.

मला लाज वाटते राम. मी गावची आशाताई. दारोदार फिरते, कोणाला दम लागला की हात धरून दवाखान्यात पाठवते. आणि माझी माय दोन वर्षं हापशावरून घरी येताना तीनदा बसायची, ते मला भाऊबीजेला दिसलं.

काल तिला हिंगोलीला दाखवून आणलं. डॉक्टर सरळ माणूस आहेत. लहानपणी सांधेताप आला होता, त्यानं हृदयाची झडप आखडली, असं त्यांनी सांगितलं. मी गोळ्या देऊ शकतो, झडपेचं काम माझ्याकडे होत नाही, जो रोज तेच करतो अशा माणसाकडे न्या, असंही म्हणाले. पण माय ऐकेल तर ना! भाऊबीजेला आपलं ठरेना, हिंगोलीचे डॉक्टर की संभाजीनगरचे हृदयवाले, म्हणून तूच दोन चिठ्ठ्या लिहून नागनाथाच्या फोटोपुढं टाकल्यास आणि मला उचलायला लावलीस. हिंगोली निघाली. आता माय म्हणते, देवानं सांगितलं त्याच्या पुढं पाऊल टाकायचं नाही.

तुझं ती ऐकते. दोन शब्द लिही. लोभ असू दे आणि फोन चार्ज असू दे.

तुझी,
शिवकन्याअक्का

---

मुक्काम रिसोडच्या पुढं
१८ नोव्हेंबर

ती. अक्काला रामचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र भेटलं. मोहनसिंगनं बिस्किटाच्या बरणीखाली ठिवलं व्हतं. त्याच्यावर चहाचा गोल डाग पडलाय तो त्याचा, माझा न्हाई. फोनचं म्हणशील तं इथं रेंज बी न्हाई अन् चार्जिंग बी न्हाई.

मेंढरं बरी हायेत. आजपस्तोर एकवीस मेंढ्या व्याल्या. एकीला जुळं झालं, त्यातल्या एका कोकराला ती जवळ घेईना, तं तुझी भावजय निर्मला त्याला बाटलीनं दूध पाजून राहिली. आन्खीन तीसेक व्यायच्या हायेत. मला इथून हालता येत न्हाई.

मायचं वाचलं. अक्का, तू उगी घाई करून राहिली आसं वाटतं. गोळ्यांना येळ द्यावा लागतो. चिठ्ठी निघाली ती निघाली. देवाच्या कामात आपण काहून बोट घालायचं? मायचं बी तेच म्हणणं हाये, तं मी वरून काय लिहू. मेंढ्या मोकळ्या झाल्या की येतो, मंग बसून बोलू.

तू लाज वाटते म्हणून लिवलं, ते वाचून बरं वाटलं न्हाई. तू तिचं सगळं करून राहिली. लाजायला दुसरे लोक हायेत.

मायला सांग, तिची काळ्या तोंडाची मेंढी बराबर हाये, आठवण काढते. लोभ कमी करू नको.

तुझा धाकटा,
राम

---

गोरेगाव
२८ नोव्हेंबर

चि. रामास आशीर्वाद.

मेंढी आठवण काढते म्हणे! लेकरू काढतं का, ते लिहायचं राहिलं वाटतं.

मी तुला न विचारता एक काम केलं. मायची फाइल पिशवीत घातली आणि एकटीच संभाजीनगरला जाऊन आले. जायच्या आधी सेनगावच्या रुख्मिणीबाईंना भेटले. त्यांची हीच झडप तीन वर्षांपूर्वी उघडली, आता कापूस वेचायला जातात. त्यांनी मला बजावून सांगितलं, दवाखान्याची इमारत बघून भुलू नको. डॉक्टरला विचार, आठवड्याला अशा किती झडपा करता, आणि काय बिघडू शकतं ते न विचारता सांगतात का ते बघ.

हृदयाचे डॉक्टर तिथं पायलीचे पन्नास. मी तीन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी फाइल न उघडताच पेशंट भरती करा म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी चार तास बसले, डॉक्टरांची भेटच झाली नाही. तिसऱ्या ठिकाणी एक बाई डॉक्टर होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि पहिल्यांदा विचारलं, आई झोपते कशी? मला एवढं रडू आलं, राम. भिंतीला टेकून झोपते, हे मी आतापर्यंत कोणत्या डॉक्टरला सांगितलंच नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. आपल्या मेंढवाड्याचं फाटक अर्धंच उघडलं तर मेंढरं कशी दाटतात, तसं मायचं रक्त झडपेशी दाटतंय. आठवड्याला त्या अशा दोन-तीन झडपा करतात. मांडीच्या शिरेतून नळी घालायची, आत फुगा फुगवायचा, झडप मोकळी. छाती फाडायची नाही. त्यातही काय काय होऊ शकतं ते त्यांनी आपणहून सांगितलं. तिथंच माझं ठरलं, हीच.

पण हे आताच करायचं. वाट पाहिली आणि झडप आणखी कडक झाली, तर फुग्यानं भागणार नाही. छाती उघडावी लागेल, आणि मायच्या अंगात तेवढं सोसायची ताकद उरली असेल का, हे त्या सांगू शकत नाहीत. २२ डिसेंबर तारीख दिली आहे.

मायला हात जोडले. पाया पडले. तिचं एकच, नागनाथानं हिंगोली दिली.

खरं सांगू? परवा मी देव्हाऱ्यापुढं बसले. मनात आलं, परत चिठ्ठ्या टाकू आणि दोन्हीवर संभाजीनगरच लिहू. कागद फाडला, पेन घेतला. हात झाला नाही. मायचा जीव वाचवायलासुद्धा देवापुढं खोटं लिहवलं नाही मला. मी मूर्ख आहे का रे?

तूच ये. नाहीतर तूच लिही. लोभ आहेच, पण आता तो तुझ्या उत्तराची वाट बघतोय.

अक्का

---

मुक्काम तोच
४ डिसेंबर

अक्का,

तुझं पत्र सातदा वाचलं. तुझा हात झाला न्हाई. माझा झाला व्हता.

भाऊबीजेला दोन्ही चिठ्ठ्यांवर मी हिंगोलीच लिवलं व्हतं.

आता काहून लिवलं ते बी सांगतो. मेंढ्या व्यायला आल्या व्हत्या. संभाजीनगर म्हणलं की पंधरा-वीस दिवस तिथंच. हिंगोली कशी, सकाळी गेलं की दिवस मावळायच्या आत घरी. मी मनाला सांगितलं, डॉक्टर काय, सारखेच. गोळ्यांनी बरी व्हईल. अन् मी म्हणलं आस्तं की मला जमत न्हाई, तं तू मला फाडून खाल्लं आस्तं. देवानं म्हणलं तं कोण बोलणार? म्हणून देवाच्या तोंडात माझं बोलणं घातलं. अन् उचलायला तुला लावलं, म्हणजे माझ्यावर संशय नको. एवढी अक्कल मला त्या येळंला बराबर सुचली.

दुसरी चिठ्ठी जाळून टाकायची व्हती. सकाळी पाहिलं तं ती नव्हतीच. मायनं शिळ्या फुलासंगं नेली आसंल म्हणून माझा जीव भांड्यात पडला. तवापसून तो जीव भांड्यातच हाये, बाहेर निघून न्हाई राहिला.

इथं मेंढी आडली की मी हात घालून कोकरू काढतो, दोन दोन तास तिच्यापशी बसतो. निर्मला म्हणते, तुमच्यासारखा जीव लावणारा माणूस न्हाई. ते आयकलं की मला बाटलीचं कोकरू बी नजरंला नको वाटतं. माय तिकडं भिंतीला टेकून अन् मी इकडं मेंढ्यांची बाळंतपणं करून राहिलो.

हे फोनवर सांगायचं व्हतं. मोहनसिंगच्या नंबरवरून दोनदा लावला, तू हॅलो म्हणली की कट केला. तो मीच व्हतो.

आता मायला सांगायचं का न्हाई ते तू ठरव. सांगावं तं तिला कळंल की लेकानं देवाला बी फसवलं अन् तिला बी. त्या धक्क्यानंच काही झालं तं? न सांगावं तं ती जात न्हाई. माझी अक्कल संपली.

लोभ ठिव म्हणायला मला तोंड न्हाई.

राम

---

गोरेगाव
८ डिसेंबर

राम,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तेवढं राहू दे.

महिनाभर मी मायपुढं, नागनाथापुढं हात जोडून राहिले की हा कौल मोडते, मला क्षमा कर. आणि कौल नव्हताच. माझ्या हातानं तू तुझीच चिठ्ठी उचलवून घेतलीस. एवढं तर परक्याशीही कोणी करत नाही.

तरी एक लिहिते. तू सांगितलंस. नसतं सांगितलं तरी कोणाला कळलं नसतं.

मी काही ठरवणार नाही. मायला तूच सांगायचं. तुझं पत्र मी तिला जसंच्या तसं वाचून दाखवते. शेजारी पाणी आणि गोळी घेऊन बसेन. यापुढचं पत्र येईल ते तिचं.

शिवकन्या

---

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

गोरेगाव
९ डिसेंबर

चि. रामला मायचा उदंड आशीर्वाद. निर्मलाला बी, अन् बाटलीच्या कोकराला बी.

अक्षर शिवकन्येचं हाये, बोलणं माझं. ती मधी मधी थांबून डोळे पुसून राहिली, म्हणून कागदावर शाई पसरली तं समजून घे.

तुझं पत्र तिनं वाचलं. मला काही झालं न्हाई, भिऊ नको. मला ठाऊक व्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी देवाची शिळी फुलं काढताना ती चिठ्ठी घावली. मला लिवता-वाचता येत न्हाई. पण हिंगोली तेवढं वळखू येतं. आपल्या फाट्यावर चाळीस वर्षं उभी राहिले, येष्टीच्या पाटीवर तेच पाहून राहिले. परभणीच्या गाडीत चुकून बसू नये म्हणून तुझ्या बापानं तेवढं एकच शिकवलं व्हतं. चिठ्ठी उघडली तं हिंगोली. मंग शिवकन्येनं उचललेली फोटोच्या मागं ठिवली व्हती, ती बी काढून पाहिली. ती बी हिंगोली. आपण कान कातरून मेंढरावर खूण करतो, तशी दोघींची खूण एकच.

मी खाली बसले. मनात म्हणलं, पोराला लांब यायला जमत न्हाई. मेंढ्यांची कास उतरली व्हती, आज-उद्या व्यायच्या, ते मला काय दिसत नव्हतं? माझा जल्म त्यातच गेला. तू पोटात असताना कळा येऊन राहिल्या व्हत्या, तरी मी मेंढरं कोंडल्याशिवाय घरी आले न्हाई. तुला हे मीच शिकवलं. मंग तुला बोल कशाला लावू?

दोन्ही चिठ्ठ्या पान-सुपारीच्या चंचीत घातल्या अन् गप राहिले. शिवकन्येनं लई भंडावलं. दरखेपी मी नागनाथाचं नाव घेऊन तिला गप केलं. तुझं उघडं पडू नये म्हणून देवाच्या नावानं मी बी खोटं बोलले, अन् या लेकीला रडवलं. तं दोष तू एकट्यानं घेऊ नको. त्यात माझा वाटा हाये.

पण रामा, एक खरं बोलते. मला मरायचं न्हाई. मला काळ्या तोंडाच्या मेंढीचं कोकरू पाहायचंय. भिंतीला टेकून बसले की एवढंच वाटायचं, पोरगं कवा म्हणंल, माय, चल. तू म्हणला आस्ता तं मी त्याच दिवशी निघाले आस्ते. शिवकन्या रोज म्हणून राहिली व्हती, पण मी तुझ्या बोलण्याची वाट पाहून राहिले. आता तिची माफी मागायची तं तीच लिवून राहिली, कशी मागू.

बावीस तारखेला जायचं ठरलं. शिवकन्या म्हणते, मी नेते. मी न्हाई म्हणलं. चार दिवस मेंढरं निर्मला पाहील. गाडी हिंगोलीच्या स्टँडवरून हाये म्हणतात. तिथं लई गाड्या उभ्या राहतात, अन् संभाजीनगरची पाटी मला वळखू येत न्हाई. तू ये अन् मला दाखव.

तुझी,
माय