लांब कुठे जायचं असतं

९ फेब्रुवारी, सकाळ

चि. पायलट,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. हिचा गुडघा थंडी वाढायच्या आधीच कळवतो, माझं ब्लडप्रेशर डॉक्टरांच्या मनासारखं आहे आणि गाडी आजारी आहे. पत्राचं कारण गाडीच, तेव्हा घाबरू नकोस. फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतेस, मी "ठीक" म्हणतो आणि पुढे दोघांनाही काही सुचत नाही. म्हणून म्हटलं, लिहावं.

तर झालं असं. गेल्या आठवड्यात बाजारातून परत येताना एक मोटरसायकलवाला खिडकीशी आला आणि म्हणाला, "काका, गाडी पेटलीय का बघा." पेटली नव्हती. नुसता धूर सोडत होती, निळसर आणि चांगला भरघोस. नेऊन दाखवली आपल्या गॅरेजवाल्याला. तोच, ज्याला तू घुम्या म्हणायचीस. त्याने बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढली, फडक्याला पुसली, परत घातली, परत काढली आणि मान हलवली. "रिंगा गेल्यात. ऑइल पितेय." घुम्या एका दमात एवढं बोलला म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

त्याच्या मते दोन रस्ते आहेत. आहे तशी वापरायची, ऑइल ओतत राहायचं, गावातल्या गावात अजून वर्षभर कुरकुरत चालेल. नाहीतर इंजिन उतरवून पूर्ण काम काढायचं, मग कुठेही न्या. त्या कामाचा खर्च त्याने सांगितला तेव्हा ही सोबत होती. घरी पोचेपर्यंत तिने तो आकडा दोनदा बोटांवर मोजला.

चिरंजीवांना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, भंगारात द्या आणि मोकळे व्हा." त्यांच्या या मोकळं होण्याच्या स्वभावाबद्दल तुला मी काय सांगावं.

गाडीचं वय तू जाणतेस. मीटर एकदा भोज्याला शिवून आलंय आणि पुन्हा शून्यापासून निघून बरंच पुढे गेलंय. वजनकाटे दुरुस्त करत मी जन्मभर गावोगाव हिंडलो तो याच सीटवर बसून. ही म्हणते, माझ्याशेजारी बसला नाहीत इतके त्या सवतीत बसलात. डावीकडचा दरवाजा आता आतून उघडत नाही, काच खाली करून बाहेरून हात घालावा लागतो. पायाखालचा पत्रा गंजलाय. पण चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू होते, तिथे तिने अजून मला तोंडघशी पाडलं नाही.

तुला विचारतोय कारण माझ्यानंतर ही गाडी ओळखणारं माणूस तूच. आमच्याकडे सून होऊन आलीस तेव्हा तुला सायकलही येत नव्हती. रविवारी बंद बाजाराच्या पटांगणात तुला शिकवायचो ते आठवतं? डॅशबोर्डवर माझ्या पेटीतलं एक छोटं वजन उभं ठेवायचं, ब्रेक लावताना ते पडलं की तू हरलीस. पहिल्या दिवशी आपण गाडी कमी चालवली आणि सीटखाली वजन जास्त शोधलं. मागे बसून ही मटार सोलायची आणि तुझीच बाजू घ्यायची. पुढे तू इतकी तयार झालीस की मीच वजन हळूच कोपराने पाडायचो, नाहीतर मास्तर म्हणून मला काही कामच उरलं नसतं.

तेव्हा सांग, काम काढू की नको? तू म्हणशील ते करीन. सावकाश लिही, पण लिही.

हिचेही आशीर्वाद. दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस, कधी स्वतःच्याही डोळ्यांना विसावा देत जा.

कळावे,
एका धुरकट गाडीचा मालक



२६ फेब्रुवारी

चि. पायलट,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ उजवीकडे सरकता सरकता वर चढत जाते. हिने दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला म्हणाली, "बघा, शहाणी आहे." म्हणजे मी नाही.

तुझं सगळं म्हणणं पटलं. एक दुरुस्त केलं की दुसरं डोकं वर काढणार, जुने पार्ट मिळायची मारामार, आणि बाहेर पडायचंच झालं तर भाड्याची गाडी दारात येते. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही हेही लिहिलंस. चष्म्याच्या दुकानदाराशी त्यावर कोण वाद घालणार? सगळं बरोबर. आणि मग खाली सहज लिहिलंस, "तसंही तुम्हाला आता लांब कुठे जायचं असतं?"

ते वाचून मी चहा तसाच ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुझी काही चूक नाही. मीच मागच्या पत्रात अर्धं सांगितलं होतं, म्हणून तू तसं विचारलंस.

घुम्याने दोन रस्ते सांगितले खरे, पण त्याआधी त्याने मला विचारलं होतं, "जायचंय कुठे?"

मी म्हटलं, "असंच."

"असंच जायला मी कुणाचं इंजिन खोलत नाही. गावात फिरायचंय की डोंगर चढायचाय?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो." ही शेजारीच उभी होती. ती खाली बघत राहिली. डोंगरापलीकडे आमचं कोण राहतं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि मला वाटतं घुम्यालाही होतं. तुला विचारायचं होतं ते हे. मी गाडी पुढे केली, आणि तू सरळ मनाची, तू गाडीबद्दलच सांगितलंस.

म्हणशील, बस आहे की. आहे. सकाळी सुटते, दुपारी तुझ्या गावात सोडते. पण बसने यायचं म्हणजे आधी कळवणं आलं. बसमधून उतरलेला माणूस तुझ्याकडेच आलेला असतो, त्याला दुसरं काही सांगता येत नाही. गाडीवाल्याचं बरं असतं. मी आयुष्यभर तेच केलं. कुणी बोलावलेलं नसताना दुकानात डोकवायचं आणि म्हणायचं, "इकडून चाललो होतो, म्हटलं काटा बघून जावं." दुकानदाराला वेळ नसला तर तो नको म्हणतो, आपण हसतो, गाडीत बसतो. कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

तुझ्याकडेही तसंच यायचं माझ्या मनात होतं. तिकडच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा काटा बघायला आलो होतो, असं सांगणार होतो. त्या माणसाने दुकान बंद करून बरीच वर्षं झाली. हिला हा बेत सांगितला तर म्हणाली, "आणि मी कशाला आले म्हणून सांगायचं? वजनं उचलायला?" आम्ही दोघं हसलो. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तुमचं दोघांचं संपलं. कोण किती चुकलं ते तोलायला मी बसलो नाही, आणि बसणारही नाही. पण त्या कागदांवर सह्या तुम्ही दोघांनी केल्यात. माझी आणि हिची सही कुणी मागितली नाही. आमचं तुझ्याशी पुढे काय व्हायचं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी सगळं वाचलं होतं, चष्मा लावून.

मला तुझी फार आठवण येते. मुलाच्या बापाने हे लिहावं की नाही, मला कळत नाही. पण येते. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की ही हातातलं काम थांबवते. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात, ती परत कामाला लागते, आणि मी पेपरात बघत असल्यासारखं करतो. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही. हे तुलाच पहिल्यांदा सांगतोय.

काल गॅरेजमध्ये गेलो होतो. घुम्याला म्हटलं, इंजिन खोलू नकोस, कुणी घेणारं मिळालं तर बघ. त्याने हात पुसले आणि विचारलं, "मग डोंगर?"

"बसने," मी म्हटलं. "बोलावलं तर."

घुम्या मला दुकानाबाहेर सोडायला आला, तसा तो कुणाला सोडायला येत नाही.

गाडी गेली की "इकडून चाललो होतो" म्हणायची सोयही गेली. म्हणून आता सरळ विचारतो. आम्ही दोघं तुला भेटायला येऊ का? दुपारी पोचू, संध्याकाळच्या बसने परत फिरू. तुला अडचण होईल असं वाटत असेल, किंवा ते दिवस पुन्हा आठवायला नको वाटत असतील, तर नुसतं "नको" लिही. कारण लिहू नकोस. मी समजून घेईन, हिलाही समजावीन.

आणि "या" म्हणालीस, तर स्टँडवर यायची तसदी घेऊ नकोस. पत्ता पाकिटावर लिहून पाठ झालाय, आम्ही शोधत येऊ. पण आलीसच, तर जरा पुढे उभी राहा, म्हणजे बस वळतानाच हिला तू दिसशील.

कळावे,
तुझे बाबा

(हात सवयीनं लिहून गेला. खोडत नाही.)